डॉक्टरकी, नर्सिंग आणि आदिवासी विद्यार्थी: आधी कागद, मग पैसे

(वाचकांचे प्रश्न)

आदिवासी विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय आणि नर्सिंगच्या शिक्षणाचा खर्च कसा भागवायचा, यावर या वेळी प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांचा सूर ‘स्कॉलरशिप किती मिळेल?’ असा आहे. पण पत्रं नीट वाचली की अडचण वेगळीच दिसते. योजना आहेत, तरतूदही आहे. मुलं अडतात ती दाखल्यापाशी, बँकेच्या खात्यापाशी आणि तारखांपाशी. म्हणून उत्तरांतही रकमांपेक्षा कागदांवर जास्त जोर दिला आहे. पहिलं उत्तर मुद्दाम लांब आहे.

माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे, ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणार आहे. जातीचा दाखला काढलेला आहे. व्हॅलिडिटी बारावीनंतर काढली तर चालेल ना?
एक पालक, जव्हार

नाही चालणार. उद्याच कामाला लागा.

दाखला आणि व्हॅलिडिटी ही दोन वेगळी कागदपत्रं आहेत आणि ती देणारेही वेगळे. जातीचा दाखला प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी देतात. तो दाखला खरा आहे का, हे अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती तपासते आणि वैधता प्रमाणपत्र देते. राज्याच्या ८५ टक्के कोट्यातल्या राखीव जागेवर, म्हणजे अनुसूचित जमातींच्या ७ टक्क्यांत, प्रवेश घेताना वैधता प्रमाणपत्र हातात असावं लागतं. नीट मे महिन्यात होते, निकाल जूनमध्ये लागतो आणि लगेच प्रवेशफेऱ्या सुरू होतात. समितीचं काम त्या वेळात उरकत नाही. कधीमधी शासन मुदतवाढ देतं, पण तिच्या भरवशावर कुणी राहू नये.

अर्ज ऑनलाइन भरायचा. सोबत कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांचं पत्र लागतं, म्हणून अकरावीत प्रवेश झाला की पहिल्याच सहामाहीत कॉलेजच्या कार्यालयात जावं. दाखला ज्या जिल्ह्यातून निघाला, त्या जिल्ह्यासाठी नेमलेल्या समितीकडेच अर्ज जातो. तुम्ही आज नोकरीनिमित्त पुण्यात राहत असाल, तरी मूळ जिल्ह्याचीच समिती.

आता पुरावे. अनुसूचित जमातींसाठी महत्त्वाची तारीख आहे ६ सप्टेंबर १९५०. त्या दिवशी किंवा त्याआधी तुमचं कुटुंब महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होतं आणि त्या जमातीचं होतं, हे दाखवायचं असतं. म्हणून कागद जितका जुना, तितकं त्याचं वजन जास्त. आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा यांच्या प्राथमिक शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद, विदर्भात कोतवाल बुकाची नक्कल, जुने फेरफार आणि वारसनोंदी शोधा. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, असं पुष्कळ घरांत असतं. तिथे जन्म-मृत्यू नोंदवही आणि जमिनीचे कागद यांवरच भिस्त असते. हे उतारे तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढायला वेळ जातो, कारण जुनी पुस्तकं जीर्ण असतात आणि काही मोडी लिपीत असतात.

वडील, सख्खे काका, सख्खा भाऊ किंवा बहीण अशा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल, तर ती प्रत पहिल्यांदा जोडा. वंशावळीच्या शपथपत्रात ते नातं स्पष्ट दाखवा. मामाची व्हॅलिडिटी इथे कामाची नाही, जमात वडिलांकडून येते.

अडतं कुठे? एक, नावात. जुन्या नोंदीत आडनाव नसतं, नुसतं ‘लक्ष्या सोन्या’ असं लिहिलेलं असतं. वंशावळीत ती व्यक्ती कोण, हे सांगितलं नाही तर तो कागद वाया. दोन, जमातीच्या नावात. राष्ट्रपतींच्या यादीत ‘ठाकूर’ आणि ‘ठाकर’ दोन्ही आहेत, त्यामुळे तो फरक जड जात नाही. यादीत ‘कोळी महादेव’, ‘डोंगर कोळी’ आणि ‘कोळी मल्हार’ आहेत. नुसतं ‘हिंदू कोळी’ लिहिलेल्या नोंदीवर मात्र समिती प्रश्न विचारणारच. तीन, खाडाखोड. शाळेच्या रजिस्टरमध्ये जातीचा रकाना वेगळ्या शाईत किंवा वेगळ्या अक्षरात असेल, तर समितीच्या चौकशी करणाऱ्या दक्षता पथकाच्या नजरेतून ते सुटत नाही. कुणी ‘दुरुस्त करून देतो’ म्हणाला, तर तिथून उठा. मूळ दावा खरा असला तरी अशा एका कागदाने तो बुडतो.

समितीचं समाधान झालं नाही तर दक्षता पथक घरी आणि शाळेत येतं. कुलदैवत, लग्नाच्या रीती, बोली, सण यांची माहिती विचारतात. मुंबई-नाशकात वाढलेल्या मुलांना यातलं फारसं सांगता येत नाही आणि पालक धास्तावतात. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. जुना लेखी पुरावा चांगला असेल, तर फक्त रीतिरिवाज सांगता आले नाहीत म्हणून दावा पडू नये. तरी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या दिवशी हजर ठेवा. ती सहज सांगतात.

आमच्या ओळखीत एकाने दुसऱ्याच समाजाचा असून एसटीच्या (अनुसूचित जमातीच्या) जागेवर एमबीबीएस केलं, त्याचं काही झालं नाही. मग आम्हीच का इतक्या तपासण्या द्यायच्या?
वाचक, नागपूर

राग समजण्यासारखा आहे. पण ‘काही झालं नाही’ ही गोष्ट जुनी झाली. २००० साली हलबा-कोष्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोष्टी (विणकर समाज) म्हणजे हलबा (अनुसूचित जमात) नव्हेत असं ठरवलं, मात्र त्या विद्यार्थ्याची वैद्यकीय पदवी काढून घेतली नाही. पुढे अनेकांनी त्याच सवलतीचा आधार घेतला. दरम्यान महाराष्ट्राचा २००० चा जातपडताळणी कायदा २००१ मध्ये अमलात आला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या कायद्यानंतर खोट्या दाखल्यावर मिळवलेला प्रवेश किंवा नोकरी अशी वाचवता येणार नाही. प्रवेश रद्द, सवलत परत, पदवीही धोक्यात. तपासणी जाचक वाटते खरी, पण ७ टक्के जागा खऱ्या आदिवासी मुलांना मिळाव्यात यासाठीच ती आहे.

मुलाला नीटमध्ये बऱ्यापैकी गुण आहेत. राज्याच्या यादीत आणि केंद्राच्या १५ टक्के कोट्यात, दोन्हीकडे अर्ज करतोय. कागद तेच का?
पालक, अकोले

नाही. अखिल भारतीय १५ टक्के कोट्यात अनुसूचित जमातींना ७.५ टक्के जागा आहेत. तिथे केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला मागतात, राज्याचा नेहमीचा नमुना चालत नाही. तो प्रांत कार्यालयातूनच मिळतो, पण वेगळा अर्ज करावा लागतो. दोन्ही दाखल्यांवर नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे एकसारखं आहे का, हे घरी नेण्याआधीच बघा.

पात्रतेचे आकडेही लक्षात ठेवा. नीटमध्ये अनुसूचित जमातींसाठी ४० पर्सेंटाइल, आणि बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ४० टक्के. बारावीत ३८ टक्के आणि नीटमध्ये उत्तम गुण असणारी मुलं दरवर्षी असतात. त्यांना प्रवेश मिळत नाही.

वडील जिल्हा परिषदेत शिक्षक आहेत. उत्पन्न अडीच लाखांच्या वर जातं. मग आम्हाला काहीच नाही का?
विद्यार्थिनी, नंदुरबार

आहे. हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत आला आहे.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वार्षिक उत्पन्न २,५०,००० रुपयांपर्यंतच्या कुटुंबांना आहे. तिच्यात फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही येतात. उत्पन्न त्याहून जास्त असेल, तर राज्याच्या आदिवासी विकास विभागाची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रतिपूर्ती योजना आहे. सगळे तिला ‘फ्रीशिप’ म्हणतात. तिच्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं, निर्वाह भत्ता मिळत नाही. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच करायचे, पण योजना निवडताना चूक झाली तर अर्ज परत येतो. उत्पन्न २,६०,००० असताना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती निवडली की तो नामंजूरच होणार.

उत्पन्न मोजताना नोकरदार पालकांचा घरभाडे भत्ता आयकरातून सुटलेला असेल, तर तो धरत नाहीत. काठावरच्या घरांनी हे तपासावं. आई-वडील हयात असताना त्यांचंच उत्पन्न मोजतात, मोठ्या भावाचा पगार त्यात येत नाही.

एक घोटाळा दरवर्षी होतो. एजंट आदिवासी मुलांनाही नॉन-क्रिमिलेअर काढायला लावतात आणि पैसे घेतात. नॉन-क्रिमिलेअर हे ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी लागतं. अनुसूचित जमातींना ते लागत नाही. तुम्हाला लागतो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, त्याची मुदत ३१ मार्चला संपते का ते बघा.

खासगी मेडिकल कॉलेजच्या ऑफिसात सांगितलं की संस्थेच्या कोट्यातून जागा देतो, स्कॉलरशिप नंतर मिळेल. विश्वास ठेवावा का?
पालक, यवतमाळ

ठेवू नये. फी परत मिळण्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झालेला असावा लागतो. संस्थास्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ती सवलत नाही. अभिमत विद्यापीठांच्या एमबीबीएसच्या जागांवर तर अनुसूचित जमातींसाठी आरक्षणच नसतं. असा प्रवेश झाला की फीची पूर्ण रक्कम घरातून भरावी लागते, आणि पहिल्या वर्षी जमीन विकून भरलेली फी दुसऱ्या वर्षी कुठून आणायची, हा प्रश्न उरतोच.

कॅप फेरीतून जागा मिळाली आणि तरी कॉलेज प्रवेशाच्या वेळी पूर्ण शिक्षण शुल्क मागत असेल, तर शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून ते आगाऊ घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. तोंडी वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि प्रत आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाला पाठवा. अनामत रक्कम, वसतिगृह आणि मेस हे मात्र शिष्यवृत्तीत येत नाही. परत मिळणारी अनामत भरावीच लागते. तेवढी रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा.

महाडीबीटीवर अर्ज मंजूर दिसतोय, तीन महिने झाले, पैसे खात्यात नाहीत. कॉलेज म्हणतं आमचं काम झालं.
एमबीबीएस दुसरं वर्ष

कॉलेजचं काम खरंच झालेलं असू शकतं. अडचण बहुतेक वेळा बँकेकडे असते, आणि तिची तीन नेहमीची कारणं आहेत.

पहिलं कारण आधार सीडिंग. पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर येत नाहीत, आधारला जोडलेल्या खात्यावर येतात. पाच बँकांत खाती असतील, तर ज्या बँकेत शेवटचं सीडिंग झालं तिथे. कधीतरी मोबाईलच्या पेमेंट बँकेत खातं उघडलं गेलेलं असतं आणि पैसे तिथे जाऊन बसतात. पोर्टलवर किंवा बँकेत आधार मॅपिंग तपासा. बँकेत ‘आधार लिंक’ आहे एवढं ऐकून परत येऊ नका. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, सीडिंग झालं का, हे विचारा.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. कमी कागदांवर उघडलेल्या ‘स्मॉल अकाउंट’ला मर्यादा असतात. वर्षभरात एकूण १ लाख रुपयांपेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही, शिल्लक ५०,००० च्या वर राहू शकत नाही आणि महिन्याला १०,००० पेक्षा जास्त काढता येत नाही. घरातल्या सगळ्यांनी शिबिरात उघडलेली खाती पुष्कळदा अशीच असतात. खासगी कॉलेजची फी एकदम आली की ती परत जाते. उपाय सोपा आहे. पूर्ण केवायसी करून खातं नियमित बचत खातं करून घ्या, तसं पासबुकावर लिहून घ्या. शाळेत असताना उघडलेलं अज्ञान, म्हणजे अल्पवयीनाचं, खातंही अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर बदलून घ्यावं लागतं.

तिसरं कारण नाव. आधारवर ‘पाडवी सुनंदा रमेश’, गुणपत्रिकेवर ‘सुनंदा रमेश पाडवी’ आणि बँकेत नुसतं ‘सुनंदा पाडवी’. क्रम वेगळा असला की यंत्रणा ते वेगळं माणूस समजते. आधार दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घेणं, हे बारावीआधीचंच काम.

एमबीबीएसचं आणखी एक वेगळं दुखणं आहे. हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. त्याची वर्षं जून ते मे अशी धावत नाहीत, पण अर्ज शैक्षणिक वर्षाच्या चौकटीत भरायचा असतो. निकाल लागलेला नसताना नूतनीकरणाची मुदत संपते. अशा वेळी अर्ज सोडून देऊ नका. कॉलेजच्या स्कॉलरशिप क्लार्ककडून तुमचा टप्पा पोर्टलवर कोणत्या वर्षात दाखवायचा, हे विचारून मगच भरा. चुकीचं वर्ष टाकलं की पुढच्या प्रत्येक नूतनीकरणात ती चूक तुमच्या मागे लागते.

निर्वाह भत्ता नेमका किती? आमच्या कॉलेजात मेडिकलवाल्यांना जास्त आणि नर्सिंगवाल्यांना कमी मिळतो.
बी.एस्सी. नर्सिंग, पहिलं वर्ष

तुमचं बरोबर आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अभ्यासक्रमांचे गट आहेत. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस यांसारखे पदवी अभ्यासक्रम पहिल्या गटात. तिथे वसतिगृहात राहणाऱ्याला महिना १,२०० रुपये, घरून ये-जा करणाऱ्याला ५५०. नर्सिंग, फार्मसी, निदान आणि पुनर्वसन क्षेत्रातले पॅरामेडिकल अभ्यासक्रम दुसऱ्या गटात. तिथे ८२० आणि ५३०. हे दर २०१० साली ठरले, आजच्या महागाईशी त्यांचा मेळ नाही. दहा महिने धरले तर मेडिकलच्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याला वर्षाचे १२,००० रुपये होतात. शासकीय वसतिगृहात राहणं-जेवण फुकट असेल, तर भत्ता वसतिगृह दराच्या एक तृतीयांश.

याच योजनेत पुस्तक पेढीही आहे आणि ती फार कमी मागितली जाते. वैद्यकीय पदवीच्या दोन विद्यार्थ्यांमागे ७,५०० रुपयांपर्यंतचा पुस्तकसंच कॉलेजने ठेवायचा असतो. ग्रंथपालाला विचारा. ‘आमच्याकडे अशी योजना नाही’ असं उत्तर आलं, तर प्रकल्प कार्यालयाला लेखी कळवा. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्याची स्वतंत्र निर्वाह भत्ता योजना महाडीबीटीवर आहे, तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो. मुख्य अर्ज केला की तो आपोआप होत नाही.

वसतिगृहात जागा मिळाली नाही. पुण्यात खोली घेऊन राहतोय. काही मदत मिळते?
बीपीटीएच (फिजिओथेरपी) विद्यार्थी

पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना तुमच्यासाठीच आहे. २०१६-१७ पासून ती सुरू आहे. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहासाठी पात्र असून जागा न मिळालेल्या बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी वर्षाला ठरावीक रक्कम थेट खात्यात मिळते.

मुंबई शहर व उपनगर, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथे ६०,००० रुपये: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. इतर महानगरपालिका क्षेत्रांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. याशिवाय वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ५,००० रुपये शैक्षणिक साहित्यासाठी, इतरांना २,०००.

यात पाय घसरतो तो क्रमावर. आधी वसतिगृहासाठी अर्ज करायचा, मग स्वयम्. वसतिगृहाला अर्जच केला नाही, तर ‘जागा मिळाली नाही’ हे सिद्ध होत नाही. ज्या शहरात कॉलेज आहे तिथलेच रहिवासी असाल, तर लाभ नाही. खोलीचा भाडेकरार किंवा घरमालकाचं लेखी पत्र आणि हजेरीचा दाखला तयार ठेवा. रक्कम हप्त्यांनी येते आणि पुढचा हप्ता हजेरीवर अवलंबून असतो.

खर्चाचा हिशेब करताना स्वयम्‌चे पैसे आणि मॅट्रिकोत्तरचा निर्वाह भत्ता दोन्ही पूर्ण मिळतील असं धरू नका. प्रकल्प कार्यालयात आधी विचारा. आणि पहिले तीन-चार महिने खिशातूनच काढावे लागतात हे गृहीत धरा. दिवाळीच्या आत पहिला हप्ता आला, तर तुम्ही नशीबवान.

नर्सिंग करायचंय. एएनएम, जीएनएम की बी.एस्सी.? बारावी आर्ट्स झाली आहे.
वाचक, धडगाव

आर्ट्सवर बी.एस्सी. नर्सिंग होत नाही. त्याला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, अनुसूचित जमातींना ४० टक्क्यांची सवलत आहे. एएनएम दोन वर्षांचं आणि जीएनएम तीन वर्षांचं. ते दोन्ही कोणत्याही शाखेच्या बारावीवर होतात. पुढे शिकायची इच्छा असेल तर जीएनएम घ्या. त्यानंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. एएनएमवर सरळ तो रस्ता नाही.

एक गोष्ट तपासल्याशिवाय फीचा एक रुपयाही भरू नका. संस्थेला भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद या दोघांची मान्यता आहे का? तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्यांत चालणारे ‘नर्सिंग कोर्स’ अनेक आहेत. मान्यता नसेल तर नोंदणी होत नाही, शिष्यवृत्ती मिळत नाही आणि दवाखान्यात ‘मदतनीस’ यापलीकडे काम मिळत नाही.

एम्ससाठी वेगळी स्कॉलरशिप असते म्हणतात. खरं का?
विद्यार्थी, गडचिरोली

खरं. केंद्राच्या आदिवासी व्यवहार मंत्रालयाची उच्च शिक्षण शिष्यवृत्ती, जिला पूर्वी ‘टॉप क्लास’ म्हणत. मंत्रालयाने ठरवलेल्या नामांकित संस्थांच्या यादीत प्रवेश घेतलेल्यांना ती मिळते. वर्षाला १,००० नवे विद्यार्थी, कुटुंबाचं उत्पन्न ६ लाखांपर्यंत. यात फी, महिना २,२०० रुपये राहणीखर्च, वर्षाला ३,००० पुस्तकांसाठी आणि संगणकासाठी एकदाच ४५,००० रुपयांपर्यंत. अर्ज महाडीबीटीवर नाही, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा. ही आणि मॅट्रिकोत्तर, दोन्ही एकदम घेता येत नाहीत, एक निवडावी लागते. सरकारी वैद्यकीय संस्थेत फी मुळात कमी असते, त्यामुळे राहणीखर्च आणि संगणकाचा हिशेब घालून ठरवा.

परराज्यातल्या कॉलेजात जागा मिळाली, तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तुमचं मूळ राज्यच देतं. तिथल्या राज्याकडे अर्ज करत बसू नका, आपल्या प्रकल्प कार्यालयात जा.

पहिल्या वर्षी अॅनाटॉमीत नापास झालो. स्कॉलरशिप बंद का?
एमबीबीएस विद्यार्थी

एकदा नापास झालात म्हणून बंद होत नाही. पहिल्या गटातल्या अभ्यासक्रमांना, म्हणजे तुमच्या एमबीबीएसला, पहिल्यांदा नापास झाल्यावरही नूतनीकरणाची सवलत आहे. त्याच वर्षात पुन्हा नापास झालात, तर वरच्या वर्गात जाईपर्यंतचा खर्च तुमचा. आजारपणामुळे परीक्षाच देता आली नसेल, तर वैद्यकीय प्रमाणपत्र आणि प्राचार्यांची शिफारस जोडून नूतनीकरण मागता येतं. नर्सिंगच्या मुलींनी मात्र लक्षात ठेवावं: दुसऱ्या गटाला ही सवलत नाही.

एमबीबीएस झाल्यावर बाँड असतो तो स्कॉलरशिपमुळे का? पैसे परत केले तर सुटका होते का?
पालक, किनवट

दोघांचा संबंध नाही. बाँड हा शासकीय आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतल्यामुळे असतो, सर्व प्रवर्गांना सारखा. इंटर्नशिपनंतर एक वर्ष शासकीय सेवा करायची असते. पूर्वी तिच्याऐवजी १० लाख रुपये भरून सुटता येत असे, आता त्या पर्यायावर विसंबू नका. ती सेवा पगारी असते, बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून. आपल्याच भागात नेमणूक मिळाली तर बोलीभाषा येणारा डॉक्टर त्या केंद्राला मिळतो. माडिया किंवा कोरकू बोलणाऱ्या पेशंटसमोर दुभाषा लागत नाही, ही साधी गोष्ट नाही.

लग्न झालंय, जीएनएमला प्रवेश घेतला. व्हॅलिडिटी नवऱ्याच्या नावाने काढायची का?
वाचक, शहापूर

नाही. जमात जन्माने, वडिलांकडून येते, म्हणून दाखला आणि व्हॅलिडिटी वडिलांच्या नावानेच. उत्पन्न मात्र नवऱ्याचं धरतात, तुम्ही नोकरी करत नसाल तर. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवा.

२०२४-२५ पासून मुलींची फी माफ झाली असं वाचलं. मग आमच्या मुलीने महाडीबीटीवर अर्ज का करायचा?
पालक, मोखाडा

तो निर्णय ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींसाठी होता. आदिवासी मुलींना फी आधीपासूनच मॅट्रिकोत्तर किंवा फ्रीशिपमधून मिळते. अर्ज केला नाही तर माफी आपोआप होत नाही, आणि वर्षाअखेर कॉलेज निकाल अडवून ठेवतं.

इंटर्नशिपमध्येही शिष्यवृत्ती चालू राहते का? मागच्या बॅचमधल्या एकाने नूतनीकरण भरलं आणि ते परत आलं.
अंतिम वर्ष, एमबीबीएस

परत येणारच. इंटर्नशिपच्या काळात विद्यावेतन मिळत असेल, तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. त्यामुळे साडेचार वर्षांतला शेवटचा सहा महिन्यांचा टप्पा हा तुमचा शेवटचा शिष्यवृत्तीचा काळ. त्याचा अर्ज वेळेत भरा, कारण इंटर्नशिप सुरू झाल्यावर तो मागे जाऊन भरता येत नाही. पुढे पदव्युत्तर शिक्षण घेतलंत, तर तेव्हा अर्ज पुन्हा नव्याने करायचा. तेव्हा एक अट असते: अभ्यासक्रमाच्या काळात खासगी प्रॅक्टिस करण्याची मुभा नसावी.